तिसऱ्या ‘नको’नंतरचा चहा

आयर्लंडमध्ये कुणाच्या घरी गेलात की कोट काढायच्या आत विचारणा होते: चहा घेणार का? पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणायचं. पुन्हा विचारतील. मग ‘उगाच कशाला त्रास’ म्हणायचं. तिसऱ्या वेळेपर्यंत किटलीचं बटण दाबलेलं असतं, तेव्हा ‘बरं, तुम्ही घेणार असाल तर’ म्हणायचं. गिरगाव-दादरच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. पंगतीत जिलबीच्या आग्रहावर वाढलेल्यांना त्याचं व्याकरण ठाऊक असतं. पंचाईत होते ती खरोखरच नको असेल तेव्हा. नुसतं ‘नको’ तिथे नकार धरला जात नाही. कारण द्यावं लागतं आणि ते ताजं असावं लागतं: ‘आत्ताच घेऊन आलो.’ आयरिश इंग्रजीत यासाठी खास वाक्यरचना आहे, ‘आय ॲम आफ्टर हॅविंग वन’. ती आयरिश भाषेतून इंग्रजीत शिरली आहे. अर्थ ‘मी एकाच्या मागे आहे’ असा नसून ‘नुकताच एक झाला’ असा आहे. हे वाक्य म्हणता आलं की नकारही चालतो आणि समोरचा खूशही होतो.

आयर्लंडच्या पाहुणचाराबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात हिरवळ, मेंढ्या आणि ‘किती प्रेमळ लोक’ यापलीकडे फारसं काही नसतं. लोक प्रेमळ आहेत हे खरं, पण ते काटेकोरही आहेत आणि त्यांचे नियम पाहुण्याला कुणी सांगत नाही. पाहुण्याला नियम सांगणं हाच तिथे उद्धटपणा. चुकलात तरी ‘यू आर ग्रँड’ म्हणतील, म्हणजे ‘चालतंय हो’. चाललेलं असतंच असं नाही. म्हणून हे इथे लिहून ठेवतो आहोत.

आधी चहाचंच पुरं करू. तिथला चहा उकळत नाहीत. चिनीमातीचं भांडं गरम पाण्याने विसळून घेतात, त्यात पिशव्या टाकतात, खळखळतं पाणी ओततात आणि ३ ते ५ मिनिटं झाकून ठेवतात. दूध नंतर, कपात. कॉर्कचा बॅरीज की डब्लिनचा लायन्स यावर घरं वाटली गेलेली असतात. दोन्ही कंपन्या शंभर वर्षांहून जुन्या, आणि त्यांच्या कडक चवीमागे आसाम आणि पूर्व आफ्रिकेची पत्ती आहे. त्यामुळे आपल्या जिभेला तो इंग्लंडच्या चहापेक्षा जवळचा वाटतो. चांगला कडक चहा म्हणजे ज्यावरून उंदीर दुडक्या चालीने जाईल, अशी त्यांची म्हण आहे. ‘अ कप इन युअर हँड’ असं म्हणाले तर टेबल मांडणार नाहीत, उभ्या उभ्या कप हातात देतील. हा घाईतल्या माणसासाठी काढलेला मार्ग. तो नाकारणं म्हणजे मात्र खरोखर तुटकपणा.

होकाराचीही गंमत आहे. आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सुटे शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापद उत्तरात परत यायचं. ही सवय त्यांच्या इंग्रजीत उतरली. ‘चहा घेणार?’ याला उत्तर ‘घेणार’, ‘पाऊस आहे का?’ याला ‘आहे’. मराठी माणसाने ‘येस, येस’ करत बसण्यापेक्षा मनातल्या मनात मराठीत उत्तर द्यावं आणि त्याचंच इंग्रजी करावं. ‘आय विल’, ‘इट इज’. बरोबर जमतं.

‘एकदा या ना घरी’ हे मुंबईत जितकं आमंत्रण असतं तितकंच तिथे. वार आणि वेळ सांगितली तरच आमंत्रण समजायचं. वेळ ‘हाफ सिक्स’ सांगितली तर साडेसहा. ‘टी’ला बोलावलं असेल तर वेळ नीट विचारून घ्या, कारण जुन्या वळणाच्या घरांत, विशेषतः गावाकडे, मोठं जेवण दुपारी होतं आणि त्याला ‘डिनर’ म्हणतात. संध्याकाळी सहाचा ‘टी’ म्हणजे ब्रेड, अंडी, थंड मांस, सॅलड, केक असं सगळं. पोटभर खाऊन गेलात तर आग्रहापुढे टिकणार नाही.

हात हलवत जायचं नाही. यासाठीही त्यांच्याकडे म्हण आहे: एक हात दुसऱ्याइतकाच लांब घेऊन येऊ नये. म्हणजे एका हातात काहीतरी लटकत असावं. फुलं, बिस्किटांचा डबा, चॉकलेट, वाइन, यांतलं काहीही चालतं. महाग काही नेलंत तर ते अवघडतात. मुंबईहून नेणाऱ्यांचा घोळ नेमका इथे होतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, चक्का, साजूक तूप, सगळं त्यात आलं, आणि विमानतळावर काढून घेतलं तर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. हापूसची पेटीही राहिली: ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, सूट आहे ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच. कढीपत्ताही याच कारणाने नको. मग काय न्यायचं? लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की, गुळातले राजगिऱ्याचे लाडू, तेलातली चकली, मसाल्याची पाकिटं. चिक्की तिथे हमखास संपते. चकली देताना तिखट किती ते आधी सांगा, कारण ‘लव्हली’ म्हणत ते डोळ्यांतून पाणी काढत खातील आणि तुम्हाला कळणारही नाही.

चपला दारात काढायच्या का? बऱ्याच घरांत काढत नाहीत. आपण विचारावं, उत्तर येईल ‘नको, राहू दे’, आणि यजमानांच्या पायांकडे बघून ठरवावं. एवढं साधं आहे.

घरात राहायला गेलात तर सगळ्यात आधी समजून घ्यायची वस्तू म्हणजे इमर्शन. आपल्या गीझरचा थोरला भाऊ. भिंतीतल्या एका कपाटात तांब्याची उभी टाकी असते, तिला उबदार जाकीट घातलेलं असतं, आणि त्याच कपाटात चादरी-टॉवेल कोरडे राहावेत म्हणून रचतात. त्या कपाटाला ‘हॉटप्रेस’ म्हणतात. तिथे कुठल्याही कपाटाला ‘प्रेस’च म्हणतात, त्यामुळे ‘कप प्रेसमध्ये आहेत’ म्हटल्यावर इस्त्री शोधू नका. टाकीच्या बटणाजवळ दुसरं बटण असतं: ‘सिंक’ आणि ‘बाथ’. ‘सिंक’वर फक्त टाकीचा वरचा भाग तापतो, भांडी-तोंड धुण्यापुरता. ‘बाथ’वर खालची लांब कॉइल चालू होते आणि अख्खी टाकी तापते, त्याला बराच वेळ जातो. कॉइल साधारण ३ किलोवॉटची, म्हणजे तासाला ३ युनिट. इमर्शन ‘बाथ’वर ठेवून बाहेर जाणं हा तिथल्या घराघरांतला आद्य गुन्हा आहे, गीझर चालू ठेवून लोकल पकडण्यासारखा, आणि पाहुणा म्हणून तुम्हाला कुणी बोलणार नाही, मागाहून हळूच जाऊन बंद करतील.

त्यातही एक पाचर आहे. कित्येक घरांत विजेचा शॉवर असतो, तो थंड पाणी घेऊन जागच्या जागी तापवतो. त्यासाठी इमर्शन लावायची गरजच नाही; न्हाणीघरात छताला लोंबणारी दोरी ओढली की त्याची वीज सुरू होते. दोरी न ओढता नळ फिरवत बसलात तर एक तर काहीच येणार नाही, नाहीतर बर्फगार पाणी. न्हाणीघरात नेहमीचा प्लग नसतो, फार तर दाढीच्या यंत्रापुरता. बाकी घरात तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा प्लग आहे. आपली गोल पिन जात नाही, ॲडॉप्टर मुंबईहूनच घ्या. दाब २३० व्होल्ट, म्हणजे चार्जर जळायची भीती नाही. आणि पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या थंड नळाचं घ्यावं. तो थेट मुख्य वाहिनीवर असतो, न्हाणीघराच्या नळाला पोटमाळ्यावरच्या टाकीतून पाणी येऊ शकतं. आपल्याकडे म्युनिसिपालिटीचं आणि टाकीचं पाणी वेगळं ओळखतो, तसंच.

‘आज आम्ही स्वयंपाक करतो’ असं पाहुण्याने म्हणणं त्यांना फार आवडतं. फक्त फोडणीचं तेवढं बघा. घरं बंद, खिडक्या दुहेरी काचेच्या, आणि छताला धुराचा अलार्म. मोहरी तडतडून लाल मिरची पडली की दोन मिनिटांत अख्खं घर किंचाळायला लागतं. आधी चिमणीचा पंखा पूर्ण वेगावर, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद, तेल मध्यम आचेवर आणि मिरची शेवटी. विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही गरम राहते, त्यामुळे फोडणी उतरवून बाजूला ठेवायची. गॅससारखं बटण फिरवलं आणि थांबलं असं होत नाही.

कचऱ्याचे तीन डबे: सुका पुनर्वापराचा, अन्नाचा, उरलेल्याचा. रंग साधारण हिरवा, तपकिरी, काळा, पण घरात विचारून घ्या. पाणी-शीतपेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन मात्र यांतल्या कशातच टाकायचे नाहीत. १ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांवर अनामत आहे: ५०० मिलिलीटरपर्यंत १५ सेंट, त्यावर ३ लिटरपर्यंत २५ सेंट. दुकानातल्या यंत्रात टाकल्या की पावती मिळते. यंत्र बाटलीचा आकार आणि बारकोड वाचतं, म्हणून ती चेपायची नाही. मुंबईत आपल्याला बाटली पिळून टाकायची शिस्त लागली आहे. तिथे तीच शिस्त यजमानाचे पैसे बुडवते.

शाकाहाऱ्यांसाठी शहरात अडचण नाही, खेड्यात थोडी आहे. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. काही चिपर्समध्ये, म्हणजे मासे-बटाटे तळून देणाऱ्या दुकानांत, चिप्स गायीच्या चरबीत तळतात. ‘तेल कुठलं’ हे विचारायला लाजू नका. न्याहारीत ‘ब्लॅक पुडिंग’ रक्ताचं आणि ‘व्हाइट पुडिंग’ रक्ताशिवाय पण डुकराचंच, नावातल्या पुडिंगवर जाऊ नका. आदल्या रात्री सांगितलं तर ओट्सची लापशी, अंडी, मशरूम, टोमॅटो, ब्राउन ब्रेड असं ताट न कुरकुरता मिळतं. सकाळी ताट समोर आल्यावर सांगितलं तर यजमानीण इतकी ओशाळते की आपल्यालाच वाईट वाटतं. बटाटा एका ताटात दोन प्रकारांनी येणं नेहमीचं, कुस्करलेला आणि भाजलेला. पिठूळ जातीचा उकडलेला बटाटा, सालीतून फुटलेला, वर मीठ-लोणी, यापुढे आपला वडाही क्षणभर गप्प बसेल. आणि मुंबईकराला घरच्यासारखी वाटेल अशी एक चीज: पांढऱ्या ब्रेडला लोणी, मध्ये टेटोचे चीज-कांदा वेफर, वरून हाताने दाबून ‘कर्र’ आवाज. सँडविचवाल्या भय्याच्या गाडीवर हे खपेल.

आता पब. तिथे वेटर येईल म्हणून बसून राहू नका, काउंटरवर जायचं. न पिणाऱ्यांनीही जायला हरकत नाही. लिंबू सोडा, ज्यूस, बिनअल्कोहोलची बिअर सगळं मिळतं आणि कुणी का म्हणून विचारत नाही. शीतपेयाला ‘मिनरल’ म्हणतात. पण अलिखित कायदा आहे राउंडचा. पाच जण बसलात तर एक जण पाचांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. ‘माझं मी घेतो’ असं मध्येच म्हणणं म्हणजे फटकून वागणं, आणि आपली पाळी यायच्या आत उठून जाणं हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मुंबईत बिल आल्यावर ‘मी देतो, मी देतो’ची झटापट होते, तिथे ती आधीच पाळी लावून मिटवलेली आहे. लवकर निघायचं असेल तर पहिला राउंड आपण घ्यावा. हिशेब फिटतो आणि मोकळं होता येतं. वेग झेपत नसेल तर ‘अ ग्लास’ मागा, म्हणजे अर्धा पाइंट, २८४ मिलिलीटर. पुढचा राउंड आला की पुन्हा ‘ग्लास’च. स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मागवली तर बारवाला पेला तिरका धरून पाऊण भरेल आणि बाजूला ठेवून दुसऱ्याशी बोलायला लागेल. तो विसरलेला नसतो. फेस आणि काळा भाग वेगळा होऊ देतो, मग वरचं भरतो. हात पुढे करून अर्धवट पेला उचलू नका. पबमध्ये टिप अपेक्षित नाही, रेस्टॉरंटमध्ये सेवाशुल्क लावलेलं नसेल तर १० टक्के पुरे.

कोपऱ्यात फिडल-बासरी घेऊन मंडळी बसली असतील तर ती वाद्यवृंदाची जाहिरात नव्हे, ‘सेशन’ आहे, म्हणजे वादकांची आपापसातली मैफल. रिकामी दिसली तरी त्यांच्या भोवतीची खुर्ची घेऊ नका, ती येणाऱ्या वादकाची असते. नाचाची धून चालू असताना गप्पा चालतात; कुणी एकटं, वाद्याशिवाय गायला लागलं की सगळा पब गप्प होतो. तेव्हा फोनवर ‘हां, बोल’ करणारा माणूस फार उठून दिसतो. स्वच्छतागृहाच्या दारावर ‘फिर’ आणि ‘मना’ अशा उच्चाराचे शब्द असतील. इंग्रजी आद्याक्षरांवरून अंदाज बांधाल तर नेमके उलट्या दारातून शिराल: ‘फ’वालं पुरुषांचं, ‘म’वालं बायकांचं.

नावांचंही तसंच. लिहिलेलं ‘नियाम्ह’ दिसतं, म्हणायचं ‘नीव’. ‘सिओभान’ दिसतं, म्हणायचं ‘शिवॉन’. विचारलेलं चालतं, उलट आवडतं. आणि आपलं आडनाव सांगताना फार फोड करावी लागत नाही. मालवणजवळच्या वराड गावाचं आडनाव लावणारे लिओ वराडकर तिथे दोनदा पंतप्रधान होते, तेव्हा ‘-कर’ त्यांच्या कानावरून गेलेलं आहे.

फिरण्याबद्दल थोडक्यात. डब्लिनच्या बसला हात दाखवावा लागतो, बेस्टसारखाच. बसभाड्यासाठी लीप कार्ड घ्या. नोटा चालत नाहीत आणि सुटे परत मिळत नाहीत. उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स’ म्हणायचं, सगळे म्हणतात. खेड्यात घरांना नंबर नसतात, त्यामुळे पत्ता विचारण्यापेक्षा सात अक्षर-अंकी एअरकोड विचारा. २०१५ पासून तो प्रत्येक घराला स्वतंत्र आहे, आपल्या पिनसारखा अख्ख्या वस्तीला एक नाही. अरुंद रस्त्यावर समोरचा गाडीवान स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. ओळखीचा नाही, नुसता नमस्कार आहे. आपणही बोट उचलावं. पाऊस मुंबईच्या तुलनेत काहीच नाही, डब्लिनला वर्षभरात मिळून आपल्या एका जुलैइतकासुद्धा क्वचित पडतो, पण तो आडवा येतो आणि वारा छत्री उलटी करतो. टोपीचं जाकीट न्या. व्हिसा वेगळा लागतो. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये शिरता येत नाही, आणि बेलफास्ट ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये आहे, तिथे जायचं असेल तर रस्त्यात चौकी नसली तरी ब्रिटनची परवानगी लागते. भारतीयांसाठी दोन्ही देशांची संयुक्त योजना आहे, तिचा शिक्का व्हिसावर आहे का ते निघण्याआधी बघा.

तिथे राहत असताना ओळखीच्या कुणाच्या घरी मृत्यू झाला तर काय करायचं, हे प्रवासाच्या माहितीत कधीच नसतं. खरा आयरिश शेजारधर्म तिथेच दिसतो. अंत्यविधी बहुधा दोन-तीन दिवसांत होतो. वेळ आणि ठिकाण स्थानिक रेडिओवर आणि मृत्यूच्या नोंदींच्या संकेतस्थळावर येतं; वेगळं बोलावणं येत नाही. सहकाऱ्याचे वडील गेले आणि तुम्ही त्यांना कधी पाहिलंही नसेल, तरी जायचं. गडद साधे कपडे. आपला पांढरा नको. पार्थिव घरी असेल तर पेटी बहुधा उघडी असते. कुटुंबीय ओळीने बसलेले असतात, प्रत्येकाशी हात मिळवून एकच वाक्य, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’. त्यात भर घालायची नाही. नंतर स्वयंपाकघरात जायचं, तिथे शेजाऱ्यांनी आणलेली सँडविचेस आणि चहा असतो. आपल्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. तिथेही शेजारूनच येतं, पण आलेल्या प्रत्येकाला खाऊ घातलं जातं. इथे मात्र तीनदा ‘नको’ म्हणू नका. पहिल्याच वेळी घ्या.

परत आल्यावर बहुतेकांना आठवतो तो ब्राउन ब्रेड. मुंबईत होतो, पण आपल्या सामानाशी जुळवून घ्यावं लागतं. तिथला गहू मऊ, यीस्टला हवा तसा चिवट नाही, म्हणून सोडा आणि ताक आलं. २२५ ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम कणीक, २५ ग्रॅम लापशी रवा किंवा गव्हाचा कोंडा, चहाचा एक सपाट चमचा मीठ, चहाचा एक सपाट चमचा खायचा सोडा चाळून. गिरणीची कणीक फार बारीक असते, नुसती तीच घेतली तर पाव विटेसारखा बसतो, कोंडा त्यासाठी. आपलं जेवणातलं ताक पातळ पडतं, म्हणून २५० ग्रॅम आंबट दही आणि सव्वाशे मिलिलीटर पाणी घुसळून घ्या. दही ताजं, गोड असेल तर सोड्याला आंबटपणा पुरत नाही आणि पाव पिवळट, साबणासारखा लागतो. पिठात खळगा करून दही ओता, बोटं पंजासारखी ताठ ठेवून गोल फिरवा. मळायचं नाही, पोळीच्या सवयीने मळलात तर चामडं होईल. मिनिटभरात गोळा करून वर खोल फुली मारा, म्हणजे उष्णता मधोमध पोचते, आणि लगेच तापलेल्या भट्टीत घाला. थांबलात तर सोड्याचा वायू हवेत जातो. २२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३०. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, अर्ध्या वेळेनंतर फॉइल झाका. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. कोरड्या पंचात गुंडाळून पूर्ण निवू द्या, गरम कापला तर सुरीला चिकटतो. पावसाळ्यात दोन दिवसांत संपवा, तिसऱ्या दिवशी बुरशी येते.